नावाचा थेंब

"ग्लासात नाक बुडवायचं नाही. विहिरीत वाकून बघतात तसं वाकायचं, आणि तोंड थोडं उघडं ठेवायचं," हेन्री तुस्कानो म्हणाला, आणि समोरच्या टेबलांवरची सगळी नाकं एकदम आज्ञाधारक झाली.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरायचा. खाली फोर्कलिफ्टची पिपाणी, वर एसीची घरघर, आणि मधे हेन्री. हॉटेलांना दारू पुरवणाऱ्या एका कंपनीत तो ट्रेनर होता. हॉटेलवाले आपले वेटर आणि बारटेंडर त्याच्याकडे पाठवत, आणि व्हिस्की कशी हुंगायची, कशी चाखायची, गिऱ्हाइकासमोर तिच्याबद्दल काय बोलायचं हे तो त्यांना शिकवे. वर्ग सकाळचाच, कारण रिकाम्या पोटी नाक तल्लख असतं.

त्या दिवशी धुरकट सिंगल माल्टचा पाठ होता. स्कॉटलंडच्या बेटांवर दलदलीतली कुजून काळी झालेली माती कापून वाळवतात, तिला पीट म्हणतात. ती जाळायची आणि तिच्या धुरावर ओली बार्ली सुकवायची. तो धूर मग पिंपात, बाटलीत, ग्लासात, शेवटपर्यंत सोबत येतो.

"सर, स्मोक," एक मुलगा म्हणाला.

"स्मोक तो कोई भी बोलेगा. किस चीज का स्मोक? लकडी का? सिगरेट का?"

"हॉस्पिटल जैसा आता है, सर. पट्टी का, आयोडीन का."

"शाबास! कौन सा वॉर्ड?" हेन्रीने विचारलं, आणि वर्ग हसला. मग त्याने स्वतःचा ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, हळूच मान हलवली आणि जळकं दोरखंड, खारं पाणी, मागून येणारी लिंबाची साल अशी एकेक नोट, वासातला एकेक धागा, मोजून सांगितली. पोरांनी भराभर लिहून घेतलं.

त्याला यातला कुठलाही वास येत नव्हता. ग्लासात साधं पाणी असतं तरी त्याच्या नाकाला फरक पडला नसता.

चार वर्षांपूर्वी तो आणि त्याची बायको मॉली एकाच आठवड्यात आजारी पडले. मॉली नर्स होती. कोविडच्या वॉर्डात ड्युटी करता करता त्याच वॉर्डात झोपली आणि उठली नाही. हेन्री घरच्या घरी बरा झाला, पण त्याचं नाक मॉलीबरोबर गेलं. जबल अलीच्या ख्रिस्ती दफनभूमीत तिला पुरलं तेव्हा फादरच्या हातातल्या धुपालासुद्धा वास नव्हता. "परत येईल, इन्शाल्ला," डॉक्टर म्हणाला होता. इकडे डॉक्टरने इन्शाल्ला म्हटलं की पेशंटने पुढचा प्रश्न विचारायचा नसतो.

तेव्हापासून हेन्री आठवणीवर शिकवत होता. आयुष्यभर जे हुंगलं ते डोक्यात नीट लावून ठेवलेलं होतं. बाटलीवरचं नाव वाचायचं आणि डोक्यातला तो खण उघडायचा. नाक नसलेला ट्रेनर कुठली कंपनी ठेवेल? त्यामुळे ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. ठाऊक होतं ते फक्त सोफियाला, त्याच्या एकुलत्या एक मुलीला.

सोफियाने नाक बापाचं घेतलं होतं, आणि आता बापासाठी तीच ते वापरायची. दूध नासलं, गॅस चालू राहिला, शर्ट आणखी एक दिवस चालेल की धुवायला टाकायचा, हे सगळं तिने सांगायचं. घरापासून वर्गापर्यंत चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, आणि दोघांच्या जोडीला सुकट नावाचं करडं मांजर. मॉली एकदा सुकट भाजत असताना ते पिल्लू वासावर जिना चढून आलं आणि राहिलं, म्हणून ते नाव. सुकटला हेन्रीचं कधी पटलं नाही, त्याच्या अंगाला कायम दारूचा वास म्हणून असेल. सोफिया घरी आली की मात्र ती दारापाशी जायची, तिची बोटं एकेक करून हुंगायची आणि मगच तिला आत येऊ द्यायची. इमिग्रेशनच्या काउंटरसारखं, मॉली म्हणायची.

रविवारी मिसावरून आल्यावर बापलेकीचा एक नेम होता. मॉली शेवटच्या ड्युटीला निघताना निळ्या फुलांचा गाऊन दाराच्या खुंटीला टाकून गेली होती. सोफियाने तो न धुता प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत ठेवला होता. रविवारी ती चेन बोटभर उघडायची आणि आत नाक घालायची. हेन्री समोर बसायचा.

"आहे?"

"आहे."

"काय काय आहे?"

"कोकोनट ऑइल. थोडासा घाम. ॲण्ड... ममा."

"ममा म्हणजे काय? नीट सांग ना, बाय. नोट सांग."

"डॅडी, देअर इज नो नोट फॉर दॅट."

मग चेन बंद. आठवड्याची सोय झाल्यासारखे दोघे जेवायला बसत. जानेवारीत सोफिया अल ऐनला नर्सिंगला जाणार होती, हॉस्टेलमध्ये. गाऊन तिच्याबरोबर जाणार हे ठरलेलं होतं. हेन्रीने स्वतःच म्हटलं होतं, घेऊन जा, मला त्याचा काय उपयोग.

ऑक्टोबरच्या शेवटी सेल्समधल्या अपर्णाने त्याच्या टेबलावर एक बाटली आणून ठेवली. नेहमीच्या सँपलसारखीच, लेबलाऐवजी चिकटपट्टीवर एक नंबर.

"हेन्री, तुमच्या नाकाचं काम आहे. बेटावरचं एकच पिंप होतं, म्हणतात. एका हॉटेलला घ्यायचंय. जरा चाखा आणि दोन ओळी लिहून द्या."

"बंद पडलेल्या डिस्टिलरीचं आहे का?"

"त्यांनाच नीट ठाऊक नाही. पण धूर असा आहे ना, बापरे."

नाव नाही म्हणजे डोक्यातला खण कुठला उघडणार? हेन्रीने बाटली घरी नेली. अशा वेळी तो सोफियाला हुंगायला लावायचा, ती प्यायची नाही, नुसती सांगायची. सोफियाने ग्लास नाकाशी धरला आणि लगेच लांब केला.

"समवन बर्न्ट अ हॉस्पिटल," ती म्हणाली. "आणि डॅडी, यात अजून कुणीतरी आहे."

"कुणीतरी नाही, काहीतरी म्हणायचं."

"तेच," ती म्हणाली, पण तिने ग्लास पुन्हा हातात घेतला नाही.

मृतांच्या दिवशी, दोन नोव्हेंबरला, दोघे जबल अलीला जाऊन मेणबत्त्या लावून आले. सोफिया खाली दुकानात गेली. बाहेर टळटळीत ऊन होतं, टेबलावर ती बाटली होती, आणि हेन्रीला पपांची आठवण झाली.

वसईजवळ भुईगावला त्यांच्या घरात एक रीत होती. पहिला घोट घेण्याआधी पपा ग्लासात बोट बुडवायचे आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन एक थेंब जमिनीवर पडू द्यायचे. त्याला नावाचा थेंब म्हणत. जिवंत माणसाचं नाव मात्र थेंबावर घ्यायचं नाही. एकदा लग्नाच्या मांडवात सरबताच्या ग्लासाशी खेळता खेळता लहानग्या हेन्रीने धाकट्या बहिणीचं नाव घेतलं, तर पपांनी फाडकन त्याच्या थोबाडीत मारली. एरवी पोरांवर हात न टाकणारा माणूस. का मारलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण लग्न संपेस्तोवर बहिणीला कडेवरून खाली ठेवलं नाही. पुढे शिकला-सवरलेला हेन्री वर्गात या रितीची थट्टा करायचा. जमिनीला पाजायची असेल त्यांनी आपापल्या घरी पाजावी, म्हणायचा, इथे माल मोजून मिळतो.

त्याने ग्लासात थोडी व्हिस्की ओतली. बोट बुडवलं. "मॉली," म्हणाला, आणि थेंब फरशीवर पडला.

मग सवयीने ग्लास नाकाशी नेला, आणि धूर आला.

आठवणीतला नव्हे, खरा. ओल्या मातीचा, जड, नाकातून टाळ्याला जाऊन बसणारा. हेन्रीने टेबलाची कड घट्ट धरली. सोफिया परत आली तेव्हा तो हुंदके देऊन रडत होता.

"मला वास आला, बाय. वास आला!"

तिने पिशवी टाकली आणि स्वयंपाकघरात धावली. कॉफी, लसूण, व्हिनेगर, फिनेल, मिळेल ते त्याच्या नाकाखाली धरलं. काही नाही. बाकी जग होतं तसंच कोरं होतं. वास येत होता तो फक्त त्या ग्लासाला.

"हळूहळू येईल," सोफिया म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "फर्स्ट स्मोक. मग बाकीचे."

पुढल्या रविवारी हेन्रीने व्हिस्कीत पाण्याचे दोन थेंब घातले. पाण्याने व्हिस्की उघडते, दडलेले वास वर येतात, हे तो रोजच शिकवत होता. बोट बुडवून मॉलीचं नाव घेतलं. या वेळी धुराच्या पाठीमागे औषधी वास आला. त्यात नवल नव्हतं, पीटला तो असतोच. पण त्याच्याही मागे स्वस्तातलं पेपरमिंटचं हँडक्रीम होतं.

हातातला ग्लास त्याने खाली ठेवला. पुन्हा उचलला. मॉली ड्युटीवरून यायची तेव्हा तिच्या हातांना असाच वास यायचा, सॅनिटायझरवर चोळलेल्या त्या हिरव्या ट्यूबचा. ती मागून येऊन त्याचे डोळे झाकायची. वासावरून कळायचंच, मग ओळखायचं काय उरायचं?

त्याने एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात फिरवला. संध्याकाळी सोफा अडवून पडलेल्या हेन्रीच्या छातीवर सुकट चढली. आजवर ती कधी त्याच्या अंगावर आली नव्हती. तिने त्याचे ओठ हुंगले आणि तिथेच वेटोळं करून झोपली. हेन्रीला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात सोफियाने मॉलीची ड्युटीची पर्स काढली. अल ऐनला ती पर्स वापरावी असं तिच्या मनात होतं.

"स्ट्रेंज," ती म्हणाली. "धिस ऑलवेज स्मेल्ड ऑफ हर क्रीम. आता नथिंग."

"चार वर्षं झाली, बाय. वास उडतो."

"मागच्या महिन्यात होता," सोफिया म्हणाली. तिने पर्स पुन्हा कपाटात ठेवून दिली.

त्यानंतरच्या रविवारी ग्लासात भाजलेली सुकट आली आणि पाठोपाठ मसाला. मॉली वसईहून मसाला कुटून आणायची आणि बिअरच्या जुन्या बाटल्यांत ठासून भरायची. तिच्या हातची एक बाटली अजून शिल्लक होती. सोफिया सणासुदीला त्यातला चिमूटभर काढायची. तो मसाला आता हेन्रीच्या जिभेवर होता, मिरची वेगळी, धणे वेगळे, खसखस वेगळी. कुठल्याही पिंपात हे उतरणं शक्य नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? तरी तो दुसऱ्या घोटाला थांबला नाही.

नाताळच्या आधी सोफियाने कोंबडी शिजवली. झाकण काढलं, वास घेतला, पुन्हा घेतला. बिअरची बाटली उघडून तळहातावर थोडा मसाला घेतला आणि चाटून पाहिला.

"मसाला मेला, डॅडी."

"म्हणजे?"

"नुसता कलर आहे. लाल माती खाल्ल्यासारखं वाटतंय."

हेन्रीने घास घेतला. त्याला तसंही काही लागायचं नाही. पण आतून तो हादरला होता. पर्स हा योगायोग म्हणता आला असता.

दुसऱ्या दिवशी त्याने छोट्या बाटलीत थोडी व्हिस्की भरून ऑफिसात नेली आणि अपर्णाला दिली. तिने सराईतपणे हुंगली.

"धूर, समुद्र, थोडं लिंबू. छान आहे. नोट्स कधी देताय?"

"मसाला येतो का? भाजलेली सुकट?"

"सुकट?" अपर्णा हसली. "हेन्री, वसईला जाऊन या एकदा. सुट्टी मी पास करून देते."

त्याने त्याच दिवशी बाटली कपाटात वरच्या फळीवर, सूटकेसच्या मागे ढकलून दिली. हिशेबी माणूस होता तो, आणि हिशेब उघड होता. क्रीम गेलं, मसाला गेला. राहिला फक्त गाऊन. त्याने ठरवलं, बास, खलास.

रविवारी सोफियाने चेन बोटभर उघडली.

"आहे?" हेन्रीने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच चोरटा वाटला.

"आहे." सोफिया डोळे मिटून बसली होती. पिशवीच्या एका टोकाला सुकट अंग चोरून झोपली होती, नेहमीसारखी. "डॅडी, आज जास्तच आहे. ॲज इफ शी जस्ट टुक इट ऑफ."

तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं ते पाहून हेन्रीला आनंद व्हायला हवा होता. त्याला राग आला. पोटच्या पोरीचा राग, अगदी कडूजहर. हिला चार वर्षं मिळालं हे. दर रविवारी मी समोर बसायचं, भिकाऱ्यासारखं विचारायचं, आहे का, आणि हिने आपल्या नाकाने घेऊन मला शब्द द्यायचे. कोकोनट ऑइल, घाम! बायको माझी होती. तिची मान, तिची उशी, तिचं सगळं माझं होतं. आणि आता जानेवारीत ही ते पिशवीत घालून अल ऐनला चालली.

सोफिया अल ऐनला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी टेलरकडे युनिफॉर्म आणायला गेली. हेन्रीने बाटली खाली काढली.

आधी त्याने थेंब न टाकता हुंगून पाहिलं. ग्लास कोरा होता. धूरसुद्धा नव्हता.

चालेल, तो स्वतःला म्हणाला. मग असू दे. ठेवून दे बाटली.

खिडकीतून ऊन थेट ग्लासात येत होतं. समोरच्या फॅक्टरीतले लोक चहाला बाहेर आले होते, त्यांच्या हसण्याचा आवाज वरपर्यंत येत होता. हेन्रीने बोट बुडवलं.

"मॉली."

या वेळी धूर नव्हताच. मधे काही नव्हतं. खोबरेल तेल, उन्हात सुकलेल्या सुती कापडाचा कोरडेपणा, आणि मग कानामागची ती जागा. तिथे तो लग्नाच्या पहिल्या वर्षी तोंड खुपसून झोपायचा. सोफिया खरंच सांगत होती, त्याला नाव नव्हतं. ती मॉली होती, सगळीच्या सगळी, झोपेतून नुकती उठलेली, उबदार, आणि ती त्याच्या तोंडात होती. त्याने एक घोट घेतला. मग ग्लास उलटा करून शेवटचा ओघळ जिभेवर घेतला.

सोफिया आली. सामान भरता भरता तिने गाऊनची पिशवी उघडली. हेन्री दुसऱ्या खोलीत होता. चेनचा आवाज आला.

तो दारात गेला तेव्हा तिने पूर्ण गाऊन बाहेर काढून तोंडावर धरला होता.

"इट्स गॉन," ती म्हणाली.

सुकट पलंगावर चढली, गाऊन हुंगला, आणि परक्याच्या घरातून उठावं तशी उठून निघून गेली.

"तू पिशवी उघडली होतीस?"

"नाही गं. हातसुद्धा लावला नाही." हे खरं होतं, आणि खरं बोलतानाच त्याची मान खाली गेली.

सोफिया उठली आणि लहानपणीसारखी त्याच्या गळ्यात पडली. तिचं रडणं त्याच्या खांद्यावर सुरू झालं आणि मधेच थांबलं. तिने मान वर केली. त्याच्या तोंडाजवळ आली. हुंगलं.

"डॅडी," ती अगदी हळू म्हणाली, "युअर ब्रेथ. तुझ्या तोंडाला ममाचा वास येतोय."

ती दोन पावलं मागे सरकली. नंतरचा दिवस दोघांनी जेवढ्यास तेवढं बोलून काढला.

सकाळी निघायचं होतं. गाडीत डिक्की भरून झाली होती, सोफियाची शेवटची बॅग तेवढी राहिली होती. ती आतल्या खोलीत केस विंचरत होती. हेन्रीने बाटली घेतली आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये उपडी केली. गुळगुळ आवाज करत व्हिस्की गेली. अपर्णाला सांगू फुटली म्हणून.

तळाशी थोडी राहिली. ती त्याने ग्लासात ओतली. निरोप तरी घ्यावा, एवढंच त्याच्या मनात होतं. देवाशपथ एवढंच होतं.

त्याने बोट बुडवलं. थेंब बोटाच्या टोकाला लोंबत राहिला.

"मॉली, चुकलं माझं," तो पुटपुटला. "तुझं सगळं मी संपवलं. आता पोर एकटी चाललीय तिकडे. तिला सांभाळ. आपल्या सोफियाला..."

थेंब पडला.

त्याला पपांची थोबाडीत आठवली. गालावर, तिथल्या तिथे, जशीच्या तशी.

सिंक हाताच्या अंतरावर होतं. ओतून टाकायचं, नळ सोडायचा, बास. काही झालेलं नाही हे एकदा बघून घ्यावं म्हणून त्याने ग्लास नाकाशी नेला.

पावडर. दूध. अंघोळीनंतरची टाळू.

लाकडी पेन्सिलीचा भुसा, शाळेच्या डब्यातलं केळं. तापातलं कपाळ. मॉलीच्या अंत्यविधीला घातलेल्या काळ्या फ्रॉकची नवी घडी. त्या दिवशी त्याला हा वास आला नव्हता.

एकेक करून येत होतं. मुलीचं सगळं वय येत होतं, आणि हेन्री थांबला नाही.

ग्लास कधी रिकामा झाला ते त्याला कळलं नाही.

"यल्ला, डॅडी, चल," सोफिया म्हणाली. बॅगेची चाकं फरशीवरून खडखडत आली. दारापाशी ती वाकली आणि तिने हात पुढे केला. "सुकट, कम. बाय करायला ये."

सुकट शेपटी उभारून धावत गेली.

पहिलं बोट हुंगलं. दुसरं हुंगलं. मग थबकली. तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले, कान मागे पडले, आणि घरात चोर शिरावा तशी ती फिस्कारून मागे सरली.

"सुकट?" सोफिया हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "इट्स मी."

मांजराने तिच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. ते सरळ स्वयंपाकघरात आलं, ओट्यावर चढलं, पुढचे पाय हेन्रीच्या छातीवर टेकवून उभं राहिलं, आणि त्याच्या ओठांना नाक लावून गुरगुरायला लागलं.